उतरला, बसला

आमच्या आत्याइतकी सुटी बाई मी उभ्या जुन्नर-आंबेगावात दुसरी पाहिली नाही. सुटी म्हणजे अक्षरशः सुटी. देवाने तिला घडवताना हाडं चांगली भक्कम घेतली, पण ती बांधायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळची सुतळी संपली असावी. तिचा अंगठा मागे वळून मनगटाला टेकायचा, कोपराची कातडी ओढली तर चिमटीत लांबच लांब यायची, आणि खांदा, गुडघा, बोटं यांपैकी काही ना काही रोज जागचं निसटायचं. "उतरला गं बाई," असं ती म्हणायची, खांद्याला एक खास हिसका द्यायची, खट् आवाज व्हायचा, आणि "बसला" म्हणून पुन्हा खुरपं हातात घ्यायची. दुखायचं फार. डोळ्यांत पाणी यायचं, पण ते पुसायला ती काही थांबायची नाही.

पिंपळवंडीला तिचं सासर. तिथे एकदा कीर्तनात जांभई देताना तिचा जबडाच उतरला. बुवांना वाटलं, बाई भान हरपून तोंड उघडं टाकून ऐकतेय. अशी श्रोती कुठल्या बुवाला मिळते? त्यांनी तिच्याकडेच बघत आख्यान दुप्पट लांबवलं. शेवटी पदराआड जबडा बसवून आत्या म्हणाली, "बुवा, लई ग्वाड सांगता, पर पुढल्या खेपंला जरा लवकर आटपा." तिची नणंद तळेघरला दिलेली होती. भाताच्या लावणीला आत्या दरसाल तिकडे जायची, बरीचशी वाट पायी. चढावर गुडघा निसटला की एखाद्या दगडावर बसायचं, तो बसवायचा आणि पुन्हा चालू लागायचं. बरोबरची माणसं दमायची. हिला मात्र मध्येमध्ये अशी सक्तीची विश्रांती मिळत असल्यामुळे ती ताजीतवानी पोचायची, असं निदान तिचं म्हणणं होतं.

हे सगळं सुरळीत चाललं असताना कोणीतरी तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे हातपाय इकडेतिकडे वाकवून पाहिले आणि सांगितलं, यांचे सांधे ढिले आहेत, यांनी पडून राहावं. किती दिवस, ते सांगितलं नाही. आत्याच्या सासूबाई मायेच्या पण शब्दाच्या पक्क्या. त्यांनी त्याच दिवशी माजघरात बाज टाकली आणि सुनेला तिच्यावर टाकलं. पाण्याला जाणं नाही, शेत नाही, तळेघर नाही.

अशात नागपंचमी आली. वडिलांना कामातून निघता येईना, म्हणून तिला माहेरी कळंबला आणायला मुराळी म्हणून मी गेलो. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. सासूबाईंनी मला चहा दिला आणि वर अट घातली. "पावणं, न्या तिला. पर वाटंत काय उतरलं, तर तिथनंच माघारी आणायची. मग ही बाज हाय आन् ती हाय. पुन्यांदा म्हाएर न्हाई." मी मान डोलावली. आत्या तोवर फाट्याकडे निघालीसुद्धा होती.

नारायणगाव सोडलं आणि एसटी एका खड्ड्यात आदळली. आत्या ओरडली, "उतरला!"

कंडक्टरने ताबडतोब दोरी ओढून घंटी मारली. गाडी थांबली. "कोण उतरतंय? बिगीबिगी उतरा!"

"मी न्हाई, भाऊ. खांदा उतरलाय."

"मग गाडी कशापायी थांबवली?"

"मी कुटं थांबवली? घंटी तुमीच मारली की!"

सगळी गाडी हसली. मला मात्र हसू येईना. मी हळूच म्हटलं, "आत्या, आता माघारी जावं लागणार." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पार उतरला. इतकी घाबरलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. "बाळा, आता माघारी गेले ना, तर मी त्या बाजंवरनं पुन्हा उठायची न्हाई रे. दुखतंय ते मला चालतंय. पडून ऱ्हाणं न्हाई चालत." कंडक्टर तिथेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. तिने खांद्याला हिसका दिला.

"आक्का, बसला का?" त्याने विचारलं.

"बसला."

"मग चला," म्हणत त्याने डबल घंटी मारली.

कळंबला आत्या फुगड्या खेळली. मनगटं ढिली, म्हणून ती समोरचीचे हात न धरता कोपर धरायची आणि गरगरा फिरायची. परतताना गाडी नेमकी त्याच कंडक्टरची होती. फाट्यावर सासूबाई उभ्याच. त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता. जाताना गाडीत बसवून द्यायला आल्या तेव्हा त्यांनी कंडक्टरला पाहून ठेवलं होतं, म्हणून थेट त्यालाच विचारलं, "भाऊ, जाताना वाटंत काय उतरलं व्हतं का?"

तो शांतपणे म्हणाला, "न्हाई आजी. आमच्या गाडीतनं मधी कोणी उतरलं न्हाई. समदी बसल्यालीच व्हती."

सासूबाई म्हणाल्या, "मग ठीक हाय." त्या बाजेवर पुढे मिरच्या वाळू लागल्या. आत्या त्यानंतर कितीतरी वर्षं तळेघरला जात राहिली, आणि त्या कंडक्टरची गाडी मिळाली की तो दारातूनच विचारायचा, "आक्का, समदं बसलं का?"

शेवटी मात्र ती म्हातारपणाने बाजेवर आलीच. मी भेटायला गेलो तेव्हा सगळे तिला हलू नको म्हणून बजावत होते. ते बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "फुगडी घालतोस का रं? हात नगं, कोपर धर." मी तिची कोपरं धरली आणि आम्ही बसल्या बसल्या जरासे डोललो. तेवढ्यानेही खट् झालं.

"आत्या, उतरला?"

"उतरू दे," ती हसून म्हणाली. "आता मलाच उतरायचंय."

मला रडू आवरेना. मी तिच्याच पद्धतीने तिचा खांदा बसवला, आणि त्यानंतरही बराच वेळ तिचं कोपर सोडलं नाही.