वहिनींच्या हातांचा व्हिडिओ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही धड ठाऊक नाही. इतक्या आनंदाच्या दिवसांत एखादी गोष्ट आतून टोचत राहावी, असं तुमचं कधी झालंय?

कारण आमचं चाललंय अगदी झकास! बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. सकाळी सहालाच तिथे उकडीचा वास दरवळतो, खोबरं किसताना बायकांच्या गप्पा रंगतात, आणि मधोमध पाटावर बसलेल्या असतात वहिनी. माझ्या थोरल्या जाऊबाई. मूळच्या कुडाळच्या. त्यांच्या हातचा उकडीचा मोदक एकदा खाल्लात तर दुसरीकडचा तोंडात धरवणार नाही, हे मी जाऊ म्हणून नाही सांगत.

पूर्वी त्या ओळखीपाळखीत मोदक करून द्यायच्या. ऑर्डरी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायच्या. एका अंगारकीला एकाच घरी दोनदा मोदक गेले आणि दुसऱ्या घरचा बाप्पा नैवेद्याविना बसून राहिला. वहिनी दिवसभर रडवेल्या. मी तेव्हा अंधेरीत एका ऑफिसात नोकरी करत होते, कामच होतं लोकांची माहिती क्लाउडवर नीट लावून ठेवण्याचं. म्हटलं, घरच्याच माणसासाठी का नाही करायचं हे?

रविवारी बसून सगळ्या ऑर्डरी, पत्ते, आवडीनिवडी ऑनलाइन चढवल्या. माझ्या फोनवर दिसेल ते वहिनींच्याही फोनवर दिसेल असं केलं. त्यांना समजावलं की आता हे सगळं क्लाउडवर आहे, म्हणजे ढगात. त्या घाबरल्याच.

"ढगात ठेवलंस? मगे पाऊस इलो तर सगळा भिजतला मां?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं.

पण खरी गंमत पुढे झाली. संकष्टीच्या दोन दिवस आधी मी प्रत्येकाला मेसेज पाठवू लागले — त्याच्या नावाने, त्याच्या आवडीसकट. मालाडच्या एका काकांना जायफळ चालत नव्हतं. "तुमचे बिनजायफळाचे मोदक ठेवू ना?" एवढंच विचारलं, तर काकांनी आख्ख्या बिल्डिंगची ऑर्डर आणून दिली. आपल्याला कुणीतरी लक्षात ठेवलंय, याहून गोड काय असतं?

मग मी व्हिडिओ टाकायला लागले. आणि इथेच — इथेच ते आहे, जे सांगायला मी इतका वेळ फिरतेय.

वहिनींच्या हातांवर कोड आहे. लग्नानंतर काही वर्षांनी एका बोटावर ठिपका आला, मग पांढरेपणा मनगटाच्या वर चढला. घरात कुणाला कधी काही वाटलं नाही. वीस वर्षं मी त्याच हातांचं खातेय. मला काही वाटत नाही — असं मी समजत होते. पण व्हिडिओत मी माझे हात दाखवले. मला कळ्या पाडता येत नाहीत. माझा मोदक तिसऱ्या कळीलाच फाटतो. तरी पहिल्या दोन कळ्या माझ्या, मग कॅमेरा बंद, आणि पुढे वहिनींनी केलेला तयार मोदक. पाहणारे म्हणायचे, ताई, काय हात आहे तुमचा!

एकदा वहिनींनी विचारलं, अगदी सहज, परातीतून मान वर न करता.

"माझे हात कशाक नको गो, विजू?"

मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "वहिनी, तुमचे हात इतके भराभर चालतात ना, कॅमेऱ्यात पकडताच येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर वहिनी नवी साडी नेसून बसलेल्या. बांगड्या घासून चकचकीत केलेल्या. म्हणाल्या, "सावकाश करून दाखवतंय. आता गावतले काय बघ तुझ्या कॅमेऱ्यात."

आणि एकेक कळी, एकेक कळी — इतकी हळू, की जणू मला शिकवतायत. मी शूटिंग केलं. "झकास आलंय," म्हटलं. आणि तो व्हिडिओ कुणाला दाखवायचा नाही, हे मी शूट करतानाच ठरवलं होतं. सांगा, याला काय म्हणायचं?

आमचे व्हिडिओ मी आठवडाभराचे एकदम निवडून ठेवायचे, ठरल्या वेळी ते आपोआप जायचे. फोनवरचं सगळं शूटिंगही आपोआप क्लाउडवर एकाच जागी जमा व्हायचं. माझा आणि वहिनींचा, दोन्ही व्हिडिओंचं छोटं चित्र सारखंच — पितळी परात आणि केळीचं पान. घाईत चुकीचं चित्र दाबलं गेलं.

त्या दिवशी गोराईला साखरपुड्याची ऑर्डर होती. मी डबे घेऊन बोटीत बसले, बोट सुटली आणि फोन वाजला, व्हिडिओ गेला म्हणून. उघडून बघते तर वहिनींचे हात! वाट लागली, एवढंच डोक्यात आलं. डिलीट दाबलं. खाडीत नेटवर्क गेलं. गोल फिरतंय, फिरतंय. पुन्हा दाबलं. शेजारची मासळीची पाटी घेतलेली मावशी म्हणाली, "काय झालं गं, कुणी आजारी आहे काय?" मी मान हलवली. पलीकडच्या धक्क्याला उतरेपर्यंत दाबतच होते.

उतरल्यावर नेटवर्क आलं आणि त्याबरोबर व्हिडिओखाली लोक आले. "हे हात कुणाचे?" "किती सुंदर कळ्या!" "या काकूंना रोज दाखवा." थांबतच नव्हते. मग एक फोन आला. मुलुंडच्या एक शिक्षिका. म्हणाल्या, "मलाही कोड आहे. बारा महिने मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालते, मे महिन्यातसुद्धा. आज तुमचा व्हिडिओ तीनदा बघितला. मुद्दाम टाकलात ना? मोठी हिंमत केलीत, ताई."

धक्क्यावर, डबे हातात, मी म्हणाले, "हो. लपवायचं कशाला?"

इतकं सहज आलं तोंडातून.

घरी पोचले तर वहिनी फोन घेऊन दारात उभ्या. सगळ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवत होत्या, मध्येच हसत होत्या, मध्येच पदर डोळ्यांना लावत होत्या. त्या दिवसापासून व्हिडिओत त्यांचेच हात असतात. ऑर्डरी इतक्या वाढल्या की मी नोकरी सोडली. सोसायटीतल्या पाच जणी कामाला आल्या. हा आनंद खोटा नाही, बरं का. तो खराच आहे.

गेल्या महिन्यात त्या शिक्षिकांनी आम्हाला मुलुंडच्या महिला मंडळात बोलावलं. त्या बिनबाह्यांचा ब्लाउज घालून दारात स्वागताला! वहिनींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि दोघी बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या. मग मला स्टेजवर नेलं, व्यवसाय कसा वाढवला ते सांगा म्हणून. क्लाउड, मेसेज, लोकांच्या आवडीनिवडी — सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, तो व्हिडिओ टाकायचं कसं सुचलं? मी म्हटलं, "आमच्या वहिनींचे हात म्हणजे आमची ओळख." टाळ्या!

शेवटी वहिनींना माइक दिला. जन्मात कधी माइक न धरलेली बाई. म्हणाल्या, "खरा सांगू? माका वाटलेला, विजूक माझ्या हातांची लाज वाटता. मीच वायट मनात आणलंय. विजू, माका माफ कर गो."

सगळ्यांसमोर. माझ्याकडे बघून.

मी उठले, त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "वेड्या आहात तुम्ही, वहिनी."

त्यांना बरोबरच वाटलं होतं. मला लाज वाटत होती. आणि त्या दिवशी बोटीत नेटवर्क असतं, तर तो व्हिडिओ मी काढून टाकला असता.