जर्दाळूचं सरबत आणि झाकलेले ग्लास

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आम्ही घर घेतलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरात मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मला कुंपणापलीकडे लालभडक बोंडं दिसली. अंबाडी! मी विदर्भातली, अंबाडी ओळखायला मला चष्मा लागत नाही. मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडून डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई कात्री घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि पसाभर बोंडं कुंपणावरून माझ्या हातात ओतली.

त्या सीरियातल्या. मुलाकडे राहायच्या. मुलगा रिफायनरीत इंजिनिअर, बहुतेक वेळ दौऱ्यावर. मी सवयीनं त्यांना मावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे काय ते कळल्यावर त्या हसल्या आणि त्यांच्या भाषेतला शब्द मला दिला: खालती. तेव्हापासून त्या माझ्या खालती.

त्यांच्याच ओट्याशी मी ही सरबतं शिकले. त्यांचं इंग्लिश मोडकं, पण रागावायला पुरेसं. अंबाडीची वाळलेली बोंडं मी गरम पाण्यात टाकायला निघाले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. थंड पाण्यातच भिजवायची, रात्रभर. मग रंग माणकासारखा येतो आणि चव करकरीत राहते. चिंच मी कोळायला घेतली, तर पुन्हा ओरडा. कोळायची नाही, भिजू द्यायची आणि पातळ कापडातून दोनदा गाळायची. "तमर हिंदी," त्या म्हणाल्या, "हिंदचा खजूर. नाव तुमच्या देशाचं आणि तुलाच येत नाही?" जर्दाळूची वाळवलेली पोळी मिळते, अगदी आपल्या आंबापोळीसारखी. ती फाडून कोमट पाण्यात भिजवायची, विरघळली की चाळणीतून घासून काढायची आणि शेवटी नारंगीच्या फुलांच्या पाण्याचे चार थेंब.

हिवाळ्यात माझा खोकला जाईना तेव्हा त्यांनी सुकी फुलं नि पानं आणून दिली. मी काढा समजून खळखळून उकळलं, तर पातेलंच ओतून टाकलं त्यांनी. "फूल उकळतात का? वर गरम पाणी ओत, झाकण ठेव, गप्प बस." खोकला गेला की नाही आठवत नाही, पण त्या रोज संध्याकाळी कप घेऊन यायच्या हे आठवतं.

उन्हाळ्यात आमच्या मराठी ग्रुपची पार्कमध्ये पिकनिक ठरली. ड्रिंक्सचं काम माझ्याकडे होतं. दरवेळी तेच कोल्ड्रिंकचे कॅन. मी म्हटलं, यंदा काहीतरी चांगलं पाजू. खालतींना विचारलं, तर त्यांनी दोन दिवस स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. तीन मोठ्या बरण्या, अंबाडी, चिंच आणि जर्दाळू.

ह्यूस्टनकडचं ऊन म्हणजे ओला टॉवेल तोंडावर दाबल्यासारखं. बरण्यांपुढे लाइन लागली. "अगं, काय मस्त झालंय!" "चिंचेचं अगदी आपल्याकडचं!" कमिटीतली एक मैत्रीण जर्दाळूचा दुसरा ग्लास घेऊन मला रेसिपी विचारत होती. तेवढ्यात खालती गाडीतून बर्फाची पिशवी घेऊन आल्या.

मी अभिमानानं सांगितलं, "या आमच्या शेजारच्या. सगळं यांनीच केलंय."

लोक त्यांच्या रुमालाकडे बघायला लागले. मग हातातल्या ग्लासांकडे. टेबलावर ग्लास ठेवल्याचे आवाज मला ऐकू आले. मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, आधी सांगायचं ना. आज संकष्टी आहे, कितीजणांचा उपास असतो."

"जर्दाळू उपासाला चालत नाहीत?"

"जर्दाळूंचं नाही गं..."

"मग कशाचं?"

"तसं नाही. पण कुणाच्या घरी काय शिजतं, कसल्या भांड्यात, आपल्याला काय माहीत?"

माझं डोकंच फिरलं. याच बाईनं माझ्या सोफ्यावर बसून रडत सांगितलं होतं की ऑफिसात तिच्या डब्याच्या वासाची तक्रार झाली, कुणीतरी मायक्रोवेव्हवर चिठ्ठी लावली. तेव्हा मी तिच्याइतकीच चिडले होते. मी तिला ते तिथेच सुनावलं, मोठ्यानं. माझा नवरा मागून हळूच म्हणाला, "जाऊ दे ना यार, पिकनिक आहे." मी म्हटलं, "पिकनिक आहे म्हणूनच. तहान लागल्यावर माणूस पाणी विचारतो, धर्म नाही."

मैत्रिणीनं तोवर ग्लासांवर फॉइल झाकून ते टेबलाच्या टोकाला सरकवले होते. तेही "माशा बसतील" म्हणून.

खालतींना मराठी येत नव्हतं, पण झाकलेला ग्लास कुठल्याही भाषेत कळतो. त्यांनी मला विचारलं, "माझ्यामुळे?" मी हो म्हटलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी बर्फाची पिशवी दाणकन खाली ठेवली आणि बरण्यांची झाकणं फिरवून घट्ट बसवली. "मी कुणाच्या दारात पाजायला आले नव्हते," त्या म्हणाल्या. "तू बोलावलंस म्हणून आले."

तेवढ्यात मैत्रिणीचे सासरे काठी टेकत आले. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. रिकामा ग्लास पुढे करून म्हणाले, "जर्दाळूचं आहे ना अजून?"

"बाबा, तुमचा उपास..." सून म्हणाली.

"उपास माझा आहे, मला माहीत आहे काय चालतं ते."

खालतींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थोडा वेळ झाकणावरचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बरणी उघडून बाबांना ग्लास काठोकाठ भरून दिला. बाकी कुणालाही नाही. ज्यांना आता पुन्हा तहान लागली होती, ते कॅन फोडत होते. आम्ही बरण्या उचलल्या आणि निघालो.

रात्री ग्रुपवर मेसेज आला, यापुढे कृपया पदार्थ घरीच बनवलेले आणावेत. मी लिहिलं, घरीच बनवलेले होते, फक्त घर शेजारचं होतं. दोघींनी मला वेगळा मेसेज करून हळहळ व्यक्त केली. ती हळहळ ग्रुपवर का नाही लिहिलीत, असं मी विचारलं आणि ग्रुप सोडला.

खालती आमच्या कुठल्याही कार्यक्रमाला आता येत नाहीत आणि मीही त्यांना चला म्हणत नाही. काहीजण मला समजावतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. ज्यांच्या हातचं कुणी नाकारलं नाही, त्यांना हे सहज सुचतं.

मध्यंतरी ग्रोसरी स्टोअरमध्ये ती मैत्रीण भेटली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाबा पुण्याहून फोनवर सारखं त्या जर्दाळूच्या सरबताचं विचारतात. मला पाठव ना रेसिपी."

"माझी नाही ती," मी म्हटलं. "आमच्या शेजारचं घर. बेल वाजव आणि त्यांनाच विचार. त्या शिकवतात."

ती हो हो म्हणाली. अजून आलेली नाही.