कंबरमोडी

माझ्या काकांनी आयुष्यभर बस चालवली आणि रस्त्याकडेची फुलं पाहिली. ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करायचे. प्रवाशांना ते ठाऊक नव्हतं, हे एक बरं होतं. टेकडीच्या वळणावर सकाळी गाडी हळू झाली की लोकांना वाटायचं, काय जपून चालवतो हा माणूस. खरं म्हणजे त्या वळणाला केना नावाच्या तणाची निळी फुलं असायची. ती सकाळी उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात. त्यामुळे दुपारच्या फेरीला तेच वळण काका भरधाव घ्यायचे.

उंच माणूस. स्टिअरिंग धरून धरून कोपरं बाहेर आलेली, आणि बोलणं अघळपघळ. फुलांची नावं ते मिळतील तिथून गोळा करायचे. शेरडं राखणाऱ्या बायका, रस्ता झाडणारे, शेवटच्या थांब्यावरचा चहावाला, कुणीही चालायचं. त्यातली निम्मी नावं चुकीची असणार, असं माझं मत होतं आणि ते मी तोंडावर सांगायचे. एकदा एकाच रोपट्याला त्यांनी दोन नावं सांगितली. मी चिडले. "काका, नक्की कोणतं?"

"तुला घरात एक म्हणतात, शाळेत एक म्हणतात," ते म्हणाले. "दोन्हीला ओ देतेस ना? मग झालं."

काकूचं सगळं उलट. तिला रस्त्यावरचं काही खपायचं नाही. मागच्या दारी तिची बाग होती. बाग म्हणजे फुटक्या बादल्या, तेलाचे रिकामे डबे आणि भिंतीला लागून मांडलेल्या कुंड्या. फुलं मात्र अशी की शेजारणी कुंपणावरून वाकून बघायच्या. तयार रोप तिने कधी विकत आणलं नाही. सगळं बियांपासून. बी ओल्या फडक्यात गुंडाळायची, माती चाळणीने चाळायची, बोटाने खड्डा करून बी आत सोडायची आणि वरून तळहाताने माती दाबायची. झिनिया, झेंडू, पिटुनिया, सगळे रांगेत उभे. मध्ये दुसरं काही उगवलं की तिची दोन बोटं गेलीच तिथे.

तिचा सगळ्यात मोठा शत्रू होता कंबरमोडी. तुम्ही हे रोप पाहिलं नसेल असं होणार नाही, नाव माहीत नसेल एवढंच. भिंतीच्या फटीत, पायवाटेवर, गटाराच्या कडेला जमिनीसरशी पसरतं. पानं केसाळ, खरखरीत. त्यातून एक लांब बारीक दांडी वर येते आणि तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पिवळं फूल, भोवती चार-पाच पांढुरक्या पाकळ्या. पुढे त्याचा म्हातारीसारखा कापूस होतो आणि वाऱ्यावर सगळीकडे जातो. उपटता उपटता माणसाची कंबर मोडते म्हणून कंबरमोडी, असं काकू सांगायची. काकांना तर बसच्या काचेतून दिसणाऱ्या सगळ्या फुलांत हेच लाडकं. "ह्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, आणि तरी मान वर," असं म्हणायचे.

संध्याकाळी ड्युटी संपवून आले की दारातूनच त्यांची हाक यायची. "अगंऽ, पाहुणे आलेत."

पाहुणे जेवणाच्या डब्यात असायचे. मुळासकट, मातीसकट उपटून आणलेलं एखादं रानटी रोप. बहुतेक वेळा कंबरमोडीच.

"पाहुण्यांना म्हणावं, आल्या वाटेने परत जा," काकू आतून म्हणायची. "आणि त्या डब्यात मी उद्या भाजी भरणार नाही."

काका ते रोप धुण्याच्या दगडामागे लावायचे. दुसऱ्या दिवशी काकू ते उपटायची. आठवडाभराने दुसरं यायचं. या भांडणात कुणी जिंकलं नाही आणि कुणी रागावलंही नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पुतणी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, येता-जाता त्यांच्याकडे जेवणारी. त्या घरातली करमणूक म्हणजे हेच होतं.

काकूला ते फक्त "अगं" म्हणायचे. नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बँकेत एकदा बायकोचं नाव विचारलं तर ह्यांना खिडकीपाशी उभं राहून आठवावं लागलं, हे काकू येईल त्याला सांगायची आणि स्वतःच हसायची.

निवृत्त झाल्यावर वर्षही सरलं नसेल, एका सकाळी काका दात घासताना खाली कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यात बरेच दिवस ते नुसते बघत पडले होते. मग एका सकाळी तोंड उघडलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात एक शब्द आला.

"कंबरमोडी."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?" "कंबरमोडी." "ह्या कोण तुमच्या?" "कंबरमोडी." डॉक्टरांची समजूत झाली की पेशंटची कंबर दुखतेय. त्यांनी लगेच कमरेचा फोटो काढायला सांगितला. मी आणि काकू बाहेर बाकावर बसून पोट धरून हसलो. मग काकूचं हसणं थांबेना आणि ते रडणं कधी झालं ते मला कळलंच नाही.

तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं, कंबरमोडी. खिडकी लावा, कंबरमोडी. डोकं शाबूत होतं, आपण सांगतो ते सगळं कळत होतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं हेही त्यांना कळायचं आणि सगळ्यात वाईट तेच होतं. डाव्या हाताने ते स्वतःच्या तोंडावर चापट मारून घ्यायचे. काकू तो हात धरून ठेवायची.

सुरुवातीला ती चिडली. "मुद्दाम करतात," मला म्हणाली. "जिला मी जन्मभर उपटलं, तिचंच नाव घेऊन बसलेत. इथे ह्यांना उचलून उचलून माझी कंबर मोडली ते नाही दिसत."

मग भाजी चिरता चिरता थांबली. "बाकी काही नाही बोलले तरी चालेल गं. एकदा नुसतं अगं म्हणाले तरी पुरे. घरात मला कुणी हाकच मारत नाही."

मी दाताच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघते. तोंड उघडून शब्द मात्र येत नाही, यावर आमच्याकडे इलाज नाही.

बोलणं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. शांत, बोलताना मान एका बाजूला करणाऱ्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कप, कंगवा, किल्ली, छत्री. काका प्रत्येक चित्र नीट बघायचे, घाम यायचा, आणि शेवटी तेच. काकूने आपली झिनिया आणून समोर धरली. झेंडू धरला. तेच. एक दिवस बाईंनी विचारलं, "हा शब्द आहे तरी कशाचा?" काकूने सांगितलं, तण आहे एक, रस्त्यावरचं.

"मग तेच दाखवून बघा ना," बाई म्हणाल्या. "एक शब्द आपल्या जागी बसला, तर दुसऱ्यांना वाट सापडेल. कदाचित हं. मी वचन देत नाही."

मी दुसऱ्या दिवशी कामावरून येताना शोधत आले. आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडा तेव्हा नुकत्याच खरवडून फरशी बसवली होती. शेवटी बस डेपोच्या भिंतीशी एक सापडलं. फूल तोडून आणलं, घरी येईपर्यंत त्याने मान टाकली. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"तोडून का आणलंस?" काकू म्हणाली. "हे कधी तोडायचे का? मुळासकट आणायचे."

"मग उद्या मुळासकट आणते."

"नको. मी रुजवते." तिने डोळे पुसले. "इतके पाहुणे आणले ह्यांनी. मी एकाला राहू दिलं नाही. एक तरी ठेवून घ्यायला हवा होता."

डेपोच्या भिंतीवरून तिने स्वतः म्हातारीचा कापूस गोळा करून आणला. सगळ्यात चांगली कुंडी रिकामी केली. माती चाळली, बी भिजवलं, बोटाने खड्डे केले, बी आत सोडून वरून माती दाबली. सकाळ-संध्याकाळ पाणी. काही उगवलं नाही. पुन्हा पेरलं. पुन्हा नाही. जन्मभर न बोलावता दारात येऊन बसणारी, आता पायघड्या घातल्या तर ढुंकून बघेना. माझ्या मते काकू तिला झिनियासारखं वागवत होती. ती उघड्या जमिनीवर पडून रुजणारी, तिला खोल पुरून उपयोग काय? पण हे मला नंतर सुचलं. तिसऱ्यांदा पेरायला बी उरलं होतं ते काकूने वैतागून तळहातावरून फुंकून दिलं आणि आत निघून गेली.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. मी एका दुपारी त्यांच्याकडे होते. काकू मागे धुणं धूत होती. काकांनी खोलीतून आवाज दिला, "कंबरमोडीऽ." आणि मागून काकू म्हणाली, "आले हो, आले."

"तुला कसं कळलं तुलाच बोलावलं?" मी विचारलं.

"पाण्याला आखूड म्हणतात. दुखलं की दातांतून म्हणतात. मला बोलावताना शेवट लांबवतात. अगंचा लांबवायचे तसा." तिने साडीला हात पुसले. "ओ द्यायला काय जातंय? पण ते अगं नाही ना."

मग एक दिवस मी कामावर असताना तिचा फोन आला. "आली," एवढंच म्हणाली. मला वाटलं कुणी नातेवाईक आली. झिनियाच्या कुंडीत, मातीवर पडलेल्या त्या फुंकलेल्या बियांतून एक रोप आलं होतं. सवयीने तिची दोन बोटं त्याच्या मानेला लागलीसुद्धा होती. दोन केसाळ पानं बघून ती थांबली. हे रोप तिच्याइतकं कोण ओळखणार होतं? हजारो उपटली होती तिने. जवळची झिनिया उपटून तिने याला जागा करून दिली.

रोप जरा मोठं झाल्यावर ती कुंडी काकांच्या कॉटशेजारी खिडकीत ठेवली. काका बराच वेळ बघत राहिले. डाव्या हाताचं बोट त्यांनी एका पानावरून फिरवलं. तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून काही आलं नाही.

"फुलू दे," काकू मला बाहेर येऊन म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "फूल बघून म्हणतील. ते बरोबर म्हटलं की मग पुढचंही येईल."

दिवसा ती कुंडी उन्हात न्यायची, संध्याकाळी खिडकीत आणायची. दांडी वर आली. कळी धरली. त्या सकाळी काकू मागच्या दारी कुंडीपुढे उकिडवी बसली होती. कळीचं टोक पिवळं दिसत होतं. आतून काकांची हाक आली, शेवट लांबवलेली. तिने ती ऐकली. पण तिला वाटलं, आत्ता उघडतेय, पूर्ण उघडू दे, मग कुंडीच घेऊन जाते. ओ द्यायची राहिली. कुंडी उचलून ती खोलीत गेली तेव्हा काका दाराकडे तोंड करून पडले होते. दुसरा झटका आला होता. फूल त्यांनी पाहिलं नाही.

नंतर कितीतरी दिवस ती मला एकच विचारायची. "शेवटी काय म्हणाले असतील गं? मी दूर होते. मला कंबरमोडी ऐकू आलं. पण अगंही असेल. शेवट तर तसाच होता." मी म्हणायचे, असेल. ती म्हणायची, उगाच माझी समजूत घालू नकोस. मग पुन्हा विचारायची.

झिनिया त्या वर्षी तिने लावली नाही. कंबरमोडी कुंडीतून खाली उतरली, धुण्याच्या दगडामागे गेली, पायरीच्या फटीत शिरली. तिला कुणी हात लावला नाही.

बोलणं शिकवणाऱ्या बाई एका संध्याकाळी आपले चित्रांचे पत्ते न्यायला आल्या. काकू आत कणीक मळत होती. मी त्यांना मागच्या दारी खुर्ची दिली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पिवळी-पांढरी फुलं पायरीपर्यंत आली होती.

"हेच का ते?" त्यांनी मान वाकडी करून विचारलं. "काय म्हणायचे बघा ते?"

मी ते काकांसारखंच म्हणून दाखवलं, शेवट लांबवून. "कंबरमोडीऽ."

"आले हो, आले," आतून आवाज आला. पाट सरकल्याचा आवाज झाला, भांडं पडलं, आणि काकू कणकेच्या हातांनी धावत खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने रिकाम्या कॉटकडे पाहिलं. मग मागच्या दारात बसलेल्या आमच्याकडे पाहिलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"या वेळी लगेच आले गं मी," काकू म्हणाली.