नदीचा सव्वा महिना

शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठी भोयांची एक आळी होती, सव्वीस घरांची. त्या आळीतल्या चुडामण भोईला माणसं तोंडावर आबा म्हणत आणि त्याची पाठ फिरली की सुईणबाई म्हणत. भरघोस मिशांच्या, साडेपाच फुटी गड्याला हे नाव कसं पडलं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल.

बाई बाळंत झाली की घरातली माणसं सव्वा महिना तिला जपतात. कोणी जड काम सांगत नाही, की उगाच त्रास देत नाही. चुडामणचं म्हणणं, नदीचंही तसंच. पावसाळ्यात नवं लाल पाणी आलं की मासळी अंडी घालते, म्हणजे नदी बाळंत होते. त्या दिवसापासून सव्वा महिना तिच्या अंगाला जाळं लावायचं नाही. त्याच्या बापाने हेच पाळलं, आजाने हेच पाळलं. चुडामण तर हिशेबाला इतका पक्का की पाणी आलं त्या दिवशी तो मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावरच्या खांबाला सुतळी बांधायचा आणि रोज सकाळी तिला एक गाठ मारायचा. अडतीस गाठी झाल्या की जाळी नदीत. तोवर आळीतल्या घराघरांत भट्ट्या पेटायच्या. बायामाणसं फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या भाजून बाजारोबाजार विकायची आणि पोट चालायचं.

या नियमातून कोणी सुटलं नाही. एके वर्षी सख्खा व्याही पाहुणा आला. बिचारा तीन कोस चालत आला तो तापीच्या मासळीच्या आशेने. चुडामणने त्याला उडदाची डाळ वाढली, वर ठेचा वाढला आणि जेवण होईस्तोवर डोहातल्या मासळीचं कौतुक सांगितलं. कोणता मासा किती मोठा, कोणाची चव कशी, एकही गोष्ट बाकी ठेवली नाही. व्याही डाळ ओरपत ऐकत होता. पुढची चार वर्षं पावसाळ्यात तो या गावाला फिरकला नाही.

सरकारचंही बंदीचं पत्रक दरवर्षी मच्छीमार सोसायटीत यायचं. त्यावर तारखा छापलेल्या असायच्या, अमुकपासून तमुकपर्यंत जाळी बंद. एरवी चुडामणच्या गाठी आणि सरकारच्या तारखा दोन-चार दिवसांच्या फरकाने जुळायच्या, म्हणून कधी भांडण झालं नाही. पण सत्त्याऐंशी साली पाऊस रुसला. नवं पाणी यायला तीन आठवडे उशीर झाला. पत्रकातली तारीख संपली तेव्हा खांबावरच्या सुतळीला गाठी होत्या फक्त बावीस.

आता आळीत एक होता तोताराम. पंचविशीतला, चुडामणच्या चुलतभावाचा मुलगा, जाळं फेकण्यात आळीत पहिला आणि जीभ चालवण्यात त्याहून पहिला. तो सकाळीच ओट्यावर येऊन उभा राहिला.

"काय सुईणबाई, दिवस कितला भरनात?" त्याने तोंडावरच विचारलं.

"मोज ना. बोटं शेत ना हातले?" चुडामण गाठ आवळत म्हणाला.

"आबा, सरकारनी तारीख सरनी. आते कोन अडावस?"

"ती तारीख मासाले कोनी वाची दखाडी का?"

ओट्यावरचे सगळे हसले. पण चुडामणच्या लक्षात आलं, हसणाऱ्यांत निम्म्यांची नजर भिंतीवर टांगलेल्या जाळ्यांवर होती. कायद्याने आता कोणालाच अडवता येत नव्हतं. फुटाण्यांना लोक कंटाळले होते. आजवर सगळे त्याचं ऐकत आले ते निव्वळ शब्दाखातर, आणि तो शब्द आता एका सुतळीवर लोंबकळत होता. एक जाळं डोहात पडलं की पाठोपाठ सव्वीस पडणार आणि वडिलांनी, आजाने राखलेली नदी एका सकाळीत उपसली जाणार, हे त्याला दिसत होतं. 

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याची मुलगी मंजुळा सातव्या महिन्याची ओटी भरून माहेरी आली. आल्या-आल्या चुलीपाशी बसली आणि आईला म्हणाली, "माय, माले गाभोळी खावानी शे."

गाभोळी म्हणजे मासळीच्या पोटातली अंडी. तव्यावर परतलेली, वर लसणाची चटणी. झुंबरबाईने कपाळाला हात लावला.

"बाई, वर्षमा दुसरा दिवस नही सापडना तुले? फुटाणा खा."

"फुटाणा मी काय पोपट शे का?"

"मंग तुना बापले सांग. मना तोंडे नको."

चुडामण दारातच होता. त्याने सगळं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून बाहेर निघून गेला. पहिलटकरीण लेक, माहेरी आलेली, तिने मागून मागितलं काय, तर त्याच्या हातातली वस्तू. जाळं खांद्यावर टाकायला किती वेळ लागतो? पण गावभर ज्याला त्याला अडवणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी जाळं काढायचं? दोन दिवस तो नदीकाठी फिरत राहिला आणि घरात लेकीच्या नजरेला नजर देईना. तीही पुन्हा मागेना. फुटाणे मात्र खाईना.

अशी गोष्ट आळीत लपते थोडीच! झुंबरबाई एका घरी बोलली आणि दुपारपर्यंत सव्वीस घरांना कळलं. तोतारामच्या डोक्यात लगेच चाक फिरलं. आबांच्या घरात मासळी शिजली की आबांची सुतळी तुटली. आणि वर डोहाळे पुरवल्याचं पुण्य!

तिसऱ्या दिवशी सकाळी तो डोक्यावर घमेलं घेऊन चुडामणच्या अंगणात हजर झाला. घमेल्यात पाणी, पाण्यात हातभर लांबीची काळीशार मरळ, शेपटी आपटत होती. मरळ मोठी चिवट, पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. मागे निम्मी आळी गोळा झाली होती.

"मंजुळा, हाई देख!" तोताराम ओरडला. "तुना बाप नही पुरावस, पन तुना भाऊ मरना नही. तुनासाठे लई उनू!"

चुडामण जाळ्याचे फाटके डोळे विणत बसला होता. हातातली सुई तशीच राहिली. त्याने घमेल्याकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. नको म्हणावं तर लेकीचे डोहाळे दारातून परत पाठवले असं होणार. घे म्हणावं तर नदीचा सव्वा महिना त्याच्याच चुलीवर शिजणार.  

मंजुळा कमरेला हात लावून हळूहळू दाराबाहेर आली. घमेल्यापाशी बसली. भोयाची लेक ती, मासळीत वाढलेली. बराच वेळ मरळीकडे पाहत राहिली.

"तोताभाऊ, कोठे सापडनी?"

"डोहना काठले, गवतमा," तोताराम छाती फुगवून म्हणाला. "जाळं बी नही लागनं! नुसता हाते धरी. खाले पिल्लास्ना लाल झुबका व्हता, हाई त्यासवर पहारा दी ऱ्हायनी व्हती. मी इतला जवळ गऊ, पन हालनीच नही!"

बोलताना तो इतका रंगला होता की आजूबाजूला सगळे चिडीचूप झाले हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मरळीची पिल्लं बाहेर पडली की लालसर झुबका करून पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतात आणि आईबाप खालून त्यांना राखतात. ती जागा सोडत नाहीत, म्हणून त्या वेळी लहान पोरालाही धरता येतात. आणि म्हणूनच आळीतलं कोणी धरत नाही.

मंजुळाने मान वर केली.

"पिल्लं बाहेर पडनीत?"

"बाहेर म्हनजे! हजारभर व्हतीन!"

"मंग हिना पोटमा गाभोळी कोठून ऱ्हाई रे भो?"

तोतारामने घमेल्यात वाकून पाहिलं.

"गाभोळी लई उनू सांगस आनि बाळंतीण उचली लयना!" मंजुळा म्हणाली. "जाळं फेकामा आळीमा पहिला, आनि इतलं बी कळनं नही?"

मग जो हशा उसळला, तो म्हणे पलीकडच्या काठावर ऐकू गेला. एक म्हातारी हसता-हसता जोत्यावरच बसली. "तोत्या, आते बाळंतिणले तूप-डिंक बी तूच दे," कोणीतरी मागून ओरडलं. तोताराम लाल झाला, मग काळा झाला, आणि शेवटी स्वतःच खो-खो हसत सुटला. गडी तसा मनाचा साफ होता.

"आते काय करू हिनं?" त्याने विचारलं.

मंजुळा उठली. "जठून आनी तठेच सोड. नर तठे थांबेल व्हई, पिल्लं बिखरायनी नसतीन. आनि तारीख सरनी, तारीख सरनी असं करस ना तू? हिनी सरनी का ते पहिले इचारी ले."

एवढं बोलून ती आत गेली. तोतारामने घमेलं उचललं आणि सगळी आळी त्याच्यामागे डोहाकडे निघाली. चुडामण सगळ्यात शेवटी. गवताच्या कडेला लाल झुबका अजून गोल-गोल फिरत होता. तोतारामने गुडघाभर पाण्यात जाऊन घमेलं हळूच कलतं केलं. मरळ क्षणभर थांबली, मग शेपटीच्या एका झटक्याने झुबक्याखाली शिरली.  परत येताना दोघा-तिघांनी ओट्यावरची जाळी खाली काढली, घडी घातली आणि घरात नेऊन ठेवली. तोतारामचं जाळं त्यांत पहिलं.

चुडामण घरी आला तेव्हा मंजुळा चुलीपाशी मुठीने फुटाणे खात होती.

"आबा, मीठ कमी शे याले," ती म्हणाली.

चुडामणने मिठाची बरणी आणून तिच्यापुढे ठेवली. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण तो भट्टीतली राख काढायला बसला, आणि राख तर झुंबरबाईने पहाटेच काढलेली होती.

पत्रकातली तारीख संपल्यापासून सोळाव्या दिवशी अडतिसावी गाठ पडली आणि जाळी नदीत गेली. त्या दिवशी सगळ्यात मोठा रोहू चुडामणने लेकीपुढे आणून ठेवला, तर तिने नाकाला पदर लावला. डोहाळे बदलले होते, आता तिला मासळीचा वास सहन होईना, कच्ची कैरी हवी होती. त्या दिवसांत कैरी आणणार कोठून!

दुसऱ्या दिवशी चुडामण मासळीची टोपली भरून ती गाडीवर चढवायला नरडाणा स्टेशनवर गेला. फलाटावर एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विचारलं, "काय आबा, खालच्या गावांची मासळी कधीची यायला लागली. तुमचीच एवढी उशिरा?"

चुडामणने टोपली खाली ठेवली, वर ओलं पोतं टाकलं आणि मिशीवरून हात फिरवला. "मनी मंजुळानी काय करं, माहीत शे का?" त्याने सुरुवात केली. व्यापारी ऐकत बसला. हमाल ऐकायला थांबला. गोष्ट तोतारामच्या घमेल्यापर्यंत आली तेव्हा गाडी आली, आणि "गाभोळी कोठून ऱ्हाई" इथपर्यंत आली तेव्हा गाडी निघून गेली.

"आबा, तुमची टोपली!" हमाल ओरडला.

"जाऊ दे," चुडामण म्हणाला. "दुसरी गाडी येईल. तू ऐक."