सभासद क्रमांक एक

मी एक कादंबरी चार वर्षं लपवून ठेवली होती, तीही अगदी नियमाला धरून. आमच्या भोंगवलीच्या वाचनालयात पुस्तकं द्यायचं काम माझ्याकडे. ती कादंबरी आली त्याच दिवशी मी ती माझ्या नावावर घेतली. पंधरा दिवसांनी परत केली, शिक्का मारला, पुन्हा माझ्याच नावावर घेतली. कुणी मागितली की सांगायचं, "बाहेर गेलीय." तेव्हा मी चांगली पन्नाशीची होते. नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात. तुम्हीही हसा.

लिहिणारी माझ्या शाळेतली, माझ्याच बाकावरची. पुस्तक हातात आलं की ती आधी मागचं पान उघडायची. "कुनी कुनी वाचलंय ते बघू दे की." गोष्ट नंतर.

सुट्टीत आम्ही सारोळ्याला तिच्या मावशीकडे जायचो आणि नीरेच्या पुलावर उभ्या राहून ट्रकांच्या गोष्टी रचायचो. म्हणजे रचायची मी. "ह्यो डायवर लगीन मोडून पळालाय," मी म्हणायची. ती विचारायची, "मग म्होरं?"

पुढं तीच त्या रस्त्यानं गेली. मी पुलाच्या अलीकडे राहिले.

तिची कार्डं यायची. कधी बर्फाचा डोंगर, कधी वाळवंट. मागं एकच ओळ: "हितं लई थंडी. तुझं काय?" माझं काय असणार? मी भुईमुगाच्या शेंगा तोडत होते. मला त्या कार्डांवरच्या तिकिटांचासुद्धा हेवा वाटायचा. पोस्टमन म्हणायचा, "तुमची मैत्रीण लई फिरती, वैनी." मी म्हणायची, "घरी काम नसंल."

आणि मग ती कादंबरी. पहिल्याच पानावर नीरेचा पूल, आणि लग्न मोडून पळालेला ड्रायव्हर. माझा ड्रायव्हर! तो देशोदेशी हिंडत होता आणि मी कपाटांवरची धूळ झटकत होते. त्या दिवशी मी शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा सांडला.

चार वर्षांनी भोरला तिचा सत्कार ठरला. त्याआधी ती वाचनालयात आली. "माजं हाय का गं?" जग फिरून आली तरी माझ्याशी बोली तीच. मला त्याचाही राग आला. पुस्तक दिलं. तिनं सवयीनं मागचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, प्रत्येक तारखेपुढं बारीक अक्षरात सभासद क्रमांक. चष्मा तिच्या डोक्यावर होता, म्हणून मी बिनघोर.

"एवढ्यांदा?" तिनं डोळे पुसले.

"गावाला लई आवडलं," मी ठोकून दिलं.

सत्काराच्या माईकवर ती म्हणाली, "ही कादंबरी सगळ्यांत जास्त वेळा भोंगवलीत वाचली गेली." टाळ्या पडल्या. आमच्या गावची माणसं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या घशात पेढा अडकला.

एस.टी. स्टँडवर मला राहवेना. "ते समदे शिक्के माजेच. तुजं पुस्तक कुनाला मिळू न्हाई म्हून."

"मग म्होरं?"

"म्होरं काय न्हाई. माजा डायवर नेलास तू."

तिनं पिशवी उचलली. गाडी लागली.

आता ती नाही. कादंबरी उघड्या कपाटात असते, आणि शेवटच्या चिठ्ठीवर माझ्याखेरीज पाच-सहा नंबर आहेत. पण मागचं पान उघडलं की मला एस.टी.चा दांडा धरून वळलेली ती दिसते. म्हणाली होती, "माजा डोळा काय गेलाय व्हय? समद्या तारखांम्होरं एकच नंबर. पर येडे, लपवायचंच व्हतं तर हरवलं म्हून लिवायचं. दर पंधरा दिसांनी परत कशाला आनत व्हतीस?"