पिवळा ओघळ

माझ्या हातची गाडी गळती, हे उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीला माझ्याआधी कळलं. सकाळी दारापुढची फरशी ओली दिसायची. समोरचा म्हातारा ड्रायव्हर, माझ्याच वयाचा, बाजेवर बसून बघायचा आणि म्हणायचा, "क्या मिस्त्री, गाडी रोज नहा रई क्या?" मी फरशी पुसून घ्यायचो.

गाडी जुनी, गोल बोनेटची, पेट्रोलवरची. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या जहागिरी गेल्या आणि अशा लई गाड्या कुणाकुणाच्या गोठ्यात जाऊन सडल्या. ही देवगाव रंगारीला कडब्याखाली सापडली. माझं गॅरेज बंद केल्यावर मी ती घरी आणली. हात थरथरायला लागले होते. घरात कुणी तसं बोलत नव्हतं, पण बायको चहाचा कप अर्धाच भरून द्यायची. मला बघायचं होतं, माझ्यातला मिस्त्री अजून हाय का गेला.

आमच्या भागात विहिरीचं पाणी जड, क्षाराचं. तेच ओतून ओतून इंजिनाच्या आत चुन्याचा थर बसला होता. मी ॲसिडचं पाणी फिरवून तो साफ काढला. तिथून गळती लागली. पंप गळाला, त्याचं सील बदललं. मग पाइप. मग ब्लॉकच्या, म्हंजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, अंगाला भोकांवर पत्र्याच्या टोप्या असतात त्या गळाल्या, नव्या ठोकून बसवल्या. ब्लॉकवरचं हेड उतरवून मधलं गॅस्केट बदललं. एक वाट बुजवावी तर पाणी दुसरी शोधायचं. चुना होता तोवर बरं होतं, असं सांगणारे भेटले. त्यांचं मी आजही ऐकत नाय. घाणीनं धरून ठेवलेलं इंजिन म्हंजे दुरुस्त इंजिन नव्हं.

पोरगा शेंद्र्याला कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी माझ्याजवळ उकिडवा बसून म्हणाला, "दादा, याच्यात डिझेल इंजिन टाकू. सगळेच टाकतेत."

"मग मला हात बी दुसरे टाक."

"तुमच्या हातांना कोण काय म्हणलं?"

"तेच तर. कुणीच काय म्हणत नाय."

खंडेनवमीच्या सकाळी फरशी कोरडी. मी खाली हात फिरवून बघितला. कोरडी. आदल्या दिवशी टोप्यांवर पुन्हा हातोडी मारली होती, तिचाच गुण असणार. बोनेटला झेंडूचा हार घातला, पान्यांची पूजा केली, बायकोला शेजारी बसवून गल्लीतून चक्कर मारली. समोरचा ड्रायव्हर बाजेवरून उठून उभा राहिला. "मान गए मिस्त्री," म्हणाला. पेढे मीच वाटले.

दुपारी इंजिन गार झाल्यावर पाणी बघावं म्हणून रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी पिवळं.

रस्त्यात रेडिएटर गळाला की ड्रायव्हर लोक त्यात मूठभर हळद टाकतेत. ती फुगती, भोकात बसती, गाडी कशीबशी घरी पोचती. अशी गाडी गॅरेजला आली की मी आधी ड्रायव्हरला शिव्या द्यायचो, मग पान्याला हात लावायचो. पोरगा ते बघतच मोठा झाला.

"हळद कुणी काढून दिली?" मी पोराला विचारलं.

"मी दिली," बायको म्हणाली. "सणाला तरी तुमचं तोंड हसरं दिसावं."

पोरगा म्हणाला, "एवढा एक दिवस, दादा. उद्या सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास? पेढे परत मागून आणा म्हणून?"

मी रेडिएटरची खालची तोटी उघडली. पिवळं पाणी फरशीवरून समोरच्याच्या दारापर्यंत गेलं. त्यानं पाय वर घेतले आणि पहिल्यांदाच काही बोलला नाय. ते लई लागलं.

नवं पाणी भरून इंजिन चालू केलं आणि गाडीखाली आडवा झालो. थेंब पुन्हा आला. पण घासून काढलेल्या लोखंडावर आता एक पिवळा ओघळ होता. वरून खाली, गिअरबॉक्सच्या आड गेलेला. टोप्यांपासून लांब. तिथं मी बघितलंच नव्हतं, बघायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते एकट्याचं काम नव्हं.

दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले तवा आम्ही बापलेक गाडीखाली. वजन त्यानं पेललं. गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील निघालं. मी ब्लॉकच्या पाठीला रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड उडवली. चीर असली की आत मुरलेलं रॉकेल पुडीत वर येतं. आम्ही बघत राहिलो. ओली रेघ वर हेडच्या बोल्टापाशी उमटली आणि खाली सरकत, जिथं क्रँक, म्हंजे इंजिनाचा फिरता दांडा, बसतो तिथवर गेली.

"वेल्डिंग?" पोरानं विचारलं.

"क्रँकच्या बैठकीत गेलेली चीर. वेल्डिंगनं बैठक वाकडी होती."

"कुणाला तरी दाखवू, दादा. खात्री करून घेऊ."

"कुणाला दाखवतो? असलं काही निघालं की लोक माझ्याकडंच आणायचे."

मी बोट रेघेवरून खालपर्यंत नेलं. बोट हालत होतं, रेघ सरळ होती. एवढ्या वर्षांत कितीजणांना 'दुरुस्त होत नाय' हे वाक्य सांगितलं असंल, आणि सांगून झाल्यावर त्यांच्या तोंडाकडं कधी बघितलं नव्हतं.

बाहेरून समोरच्यानं विचारलं, "क्या निकला, मिस्त्री?"

"ब्लॉक गेला," मी म्हणलं. "दुरुस्त होत नाय."