पडेगावच्या टेकडीवरची नभाळी आणि माझी जुनी चिठ्ठी

बॅनर छापून आला होता. माझी सही तेवढी राहिली होती.

आमच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागाचे प्रमुख जाधव सर हर्बेरियमच्या दारात उभे होते. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दप्तर. झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, कोपऱ्यात नाव-गाव आणि सहीची चिठ्ठी लावायची आणि लोखंडी कपाटात ठेवायचं. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. बावीस वर्षं हे कपाट मी सांभाळते.

“मॅडम, आपल्या विभागाला नवी जात सापडलीय,” सर म्हणाले. “संस्थापकांचं नाव द्यायचं ठरलंय. शुक्रवारी अध्यक्ष येतायत. तुम्ही फक्त सही करा.”

“वाचून करते, सर.”

“त्यात वाचायला काय आहे? चार ओळी आहेत.”

चारच ओळी होत्या. रुक्सार या आमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने नव्या वनस्पतीवर पेपर लिहिला होता. तिने आपलं झाड आमच्या कपाटातल्या जुन्या शीट्सशी ताडून पाहिलं होतं. त्या शीट्सवरची नावं बरोबर आहेत, असं मी लिहून द्यायचं होतं. रुक्सारचा प्रबंध महिन्याभरात सबमिट व्हायचा होता आणि हा पेपर म्हणजे त्याचं शेवटचं प्रकरण होतं. ती सरांच्या मागे उभी होती. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

तिचा विषय नभाळी. नभाळी हे एका झाडाचं नाव नाही, एका गोतावळ्याचं आहे. शास्त्रात अशा गोतावळ्याला जीनस म्हणतात आणि त्यातल्या एकेका सदस्याला जात. वीतभर उंचीची ही रोपटी पावसाळ्यात खडकावरच्या बोटभर मातीत उगवतात. फूल नखाएवढं, निळं-जांभळं. फुलातल्या तंतूंवर निळी लव असते. भिंगाखाली धरलं तर एकेक केस मण्यांच्या माळेसारखा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंगावरून डोळा काढायला विसरले होते. या जीनसच्या लॅटिन नावाचा अर्थ आहे निळा कान. नाव ठेवणाऱ्याला पाकळी कानासारखी दिसली असावी. मला नेहमी वाटतं की ते फूल काहीतरी ऐकत बसलंय.

पण हे सगळं शीटवर राहत नाही. नभाळीचं फूल वाळत नाही, विरघळतं. सकाळी उमललेलं दुपारपर्यंत मिटतं आणि त्याचा चिकट थेंब होतो. कागदावर फार तर एक फिकट डाग उरतो. त्यामुळे जात ओळखताना मुळांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो. आमच्याकडे दोन जाती नेहमी गल्लत करायला लावतात. एकीची मुळं नुसती बारीक, दोऱ्यासारखी. दुसरीच्या मुळांना लांबट गाठी असतात, भुईमुगाच्या शेंगांसारख्या.

सर गेल्यावर मी रुक्सारने वापरलेल्या सगळ्या शीट्स काढून टेबलावर मांडल्या. गाठीवाल्या जातीच्या शीट्स घाटातून आलेल्या, खोल मातीतल्या. हातभर उंच, धिप्पाड. बारीक मुळांच्या जातीची शेवटची शीट काढली आणि खालच्या चिठ्ठीवरची सही पाहिली. माझी होती. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातली. ठिकाण: पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला लागून असलेली टेकडी.

रुक्सारचं झाडही त्याच टेकडीवरचं होतं.

“पानं, लव, उंची, सगळं तुमच्या शीटसारखंच आहे मॅडम,” रुक्सार म्हणाली. “फक्त माझ्याला गाठी आहेत. म्हणजे दोन्हींच्या मधली. म्हणून तर नवी.”

एकाच टेकडीवर जुळ्या बहिणी आणि फरक फक्त जमिनीखालचा. मी भिंग घेऊन माझ्या शीटवरचं मूळ पाहिलं. बारीक दोरे होते आणि ते एका जागी अचानक संपत होते. कात्रीने कापल्यासारखे नाही, तुटल्यासारखे.

“बुधवारी सकाळी टेकडीवर जाऊ,” मी म्हणाले. “सात वाजता. मी पुंडलिकनगरहून निघते, तू रस्त्यावर भेट.”

“मॅडम, कुछ गडबड है क्या?”

“माहीत नाही. म्हणून तर जायचं.”

फील्डला जाताना माझी यादी असते: भिंग, वर्तमानपत्रं, दोरी, पेन्सिल, पाणी, बिस्किटं. बुधवारी ती यादी तपासली आणि नेहमीप्रमाणे सगळं बरोबर होतं.

आम्ही पोचलो तेव्हा टेकडीच्या माथ्यावर पातळ धुकं होतं. काळा सपाट खडक, त्याच्या भेगांत साठलेलं पाणी आणि त्या पाण्याच्या कडेकडेने नभाळी. एकेक फूल पाहिलं तर डोळ्यात भरणार नाही एवढं लहान, पण हजारोंनी उमललेली. कुणीतरी आभाळ धुऊन खडकावर वाळत घातलंय असं वाटत होतं. खालून ट्रकचे आवाज येत होते, पण फार लांबून आल्यासारखे. आम्ही दोघी काही वेळ नुसत्या उभ्या राहिलो. कामाला आलोय हे मला मुद्दाम आठवावं लागलं, आणि असं माझं सहसा होत नाही.

मग मी वाकले आणि एक रोप धरून ओढलं. बावीस वर्षांपूर्वी ओढलं असेल तसंच. ते सहज आलं. खाली बारीक पांढरे दोरे.

“अवो बाई, वढू नका. तुटंल.”

मागे एक बाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात काठी, मागे पंचवीसेक मेंढ्या. त्यांचं नाव कलाबाई. टेकडीखालच्या वस्तीवर राहतात, रोज इथंच मेंढ्या चारतात.

“तुटलं तर काय होतं?” मी विचारलं.

“काय व्हायचं? वरचं वर येतं अन् खालचं खाली ऱ्हातं. घुंगरं हायेत ना तिला खाली. दगडात बसल्यात.”

“सगळ्यांनाच आहेत?”

“व्हय की. बिगरघुंगराची मी तर नाय बघितली. तिकडं बघा, डुकरांनी उकरलंय सगळं. त्यास्नी ठावं हाय, अन् तुमी एवढ्या शिकल्याल्या, तुमाला नाय ठावं?”

रुक्सारला हसू आवरेना. कलाबाईंनी पाठीमागे खोचलेलं खुरपं काढून माझ्या हातात दिलं. मी ज्या भेगेतून रोप ओढलं होतं, तीच भेग हळूहळू उकरली. माती, मुरूम, मग दगडाची कपार. तिथं चार लांबट गाठी होत्या. एकीवर ताजा तुटका दोरा लोंबत होता. माझ्या हातातल्या रोपाचं मूळ मी त्याला लावून पाहिलं. बरोबर जुळलं.

मग आम्ही टेकडीच्या चारही बाजूंनी रोपं उकरून पाहिली. प्रत्येकाला गाठी. म्हणजे ही गाठीवाली जात होती, घाटात धिप्पाड होणारी. इथं बोटभर मातीत ती वीतभरच राहिली. बावीस वर्षांपूर्वी मी खुरपं न नेता गेले, हाताने ओढली, उंची पाहिली, दोरे पाहिले आणि चुकीचं नाव लिहिलं. रुक्सारने माझ्या चुकीशी आपलं बरोबर झाड ताडलं. म्हणून ते नवं दिसलं.

रुक्सार खडकावर बसली. मेंढ्या तिच्या अगदी जवळून चरत गेल्या.

“घर में सबको बोल दिया था मैं,” ती शेवटी म्हणाली. “अम्मीने मिठाई पण वाटली. आता काय सांगू?”

“माझं नाव सांग. चूक माझी आहे.”

“तुम्ही सही केली असती तर कुणाला कळलं नसतं मॅडम.”

“कलाबाईंना कळलंच असतं,” मी म्हणाले.

“मला कुठं वाचाया येतंय?” कलाबाई म्हणाल्या आणि खुरपं परत मागून घेतलं.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. सर खुर्चीत मागे रेलले आणि छताकडे पाहत राहिले.

“अध्यक्षांना काय सांगू? पेपरवाले येतायत.”

“नवी जात नाही, असं सांगा.”

“मॅडम, तुमचीच चिठ्ठी आहे ना ती? मग राहू द्या ना तशीच. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं?”

“रुक्सारचं अडलं, सर.”

सर खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, “बॅनरचं काय करायचं?”

“मागची बाजू कोरी आहे. मला शीट्स झाकायला चालेल.”

हर्बेरियमचा एक रिवाज आहे. शीटवरचं नाव चुकलेलं आढळलं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. शेजारी नवी लावायची, नाव आणि तारखेसह. पुढे येणाऱ्याला आधी काय वाटलं होतं आणि नंतर काय कळलं, दोन्ही दिसलं पाहिजे. इतरांच्या चिठ्ठ्यांशेजारी मी आजवर पुष्कळ चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच शेजारी लावली. जुन्या सहीला शेवटी एक झोकदार वळण होतं. नवीला नाही.

शुक्रवारचा कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी एक वडाचं रोप लावलं. वडाच्या ओळखीबद्दल कुणाला शंका नव्हती.

रुक्सारने प्रकरण फाडलं नाही. उलटं केलं. खडकाळ माथ्यावरची नभाळी लहान का राहते आणि शीटवर तिची ओळख कशी चुकते, यावर लिहिलं. आम्ही दोघींनी मिळून कपाटातली नभाळीची प्रत्येक शीट भिंगाखाली घातली. आणखी पाच शीट्सवर मूळ तसंच तुटलेलं निघालं. त्यातल्या दोन चिठ्ठ्या माझ्याही आधीच्या माणसांच्या होत्या, हे पाहून मला जे बरं वाटलं ते इथं लिहायला नको. प्रबंध तीन आठवडे उशिरा सबमिट झाला आणि पास झाला. ऋणनिर्देशात कलाबाईंचं नाव आहे, माझ्या वरती. ते मला योग्य वाटलं.

त्या सकाळचं एक फूल मी वर्तमानपत्रात ठेवून पाहिलं होतं, विरघळणार हे माहीत असूनही. नोकरीच्या जाहिरातींवर आता एक निळसर डाग आहे. तो कागद मी टाकलेला नाही. कुठल्याच यादीत त्याची नोंद नाही.

फील्डची यादी मात्र बदलली. पहिली वस्तू खुरपं. भिंग त्यानंतर.